सहाशेचा यूपीएस आणि पत्र्याचं छप्पर: धरणगावच्या एका मशीनची पूर्ण हकीकत

२०२४ च्या दिवाळीनंतर धरणगावच्या एका फोटो स्टुडिओला मी व्हिडिओ एडिटिंगचं मशीन, म्हणजे कॉम्प्युटर, जोडून दिलं. किंमत ८५,००० रुपये. त्यानंतरच्या पाच महिन्यांत त्या एका मशीनपायी मला पाच वेळा धरणगावला जावं लागलं, एका दिवसाचा पगार बुडाला आणि सगळा नफा संपून वर खिशातून पैसे गेले. भाग एकही खराब नव्हता. म्हणून हे प्रकरण आकड्यांसकट लिहून ठेवतोय. जळगाव, भुसावळ, पाचोरा, अमळनेर या पट्ट्यात नोकरी सांभाळून असेंबल पीसी करून देणारी बरीच मुलं आहेत. त्यांचे फोन येतात तेव्हा सगळे प्रोसेसर कोणता आणि ग्राफिक्स कार्ड कोणतं एवढंच विचारतात. मशीन कुठल्या छपराखाली बसणार, हे आजवर एकानेही विचारलेलं नाही. तेव्हा मीसुद्धा विचारत नव्हतो.

माझी नोकरी जळगावच्या एमआयडीसीत, चटईच्या कारखान्यात इलेक्ट्रिकल मेंटेनन्सला. मशीन जोडायचं काम रात्री आणि रविवारी, घरच्या पुढच्या खोलीत. महिन्याला एक, लग्नसराईच्या आधी दोन. कोटेशन आणि हिशेबाची वही बायको सांभाळते, आणि ती वही नसती तर या प्रकरणात मी किती बुडालो हे मला कधी कळलंही नसतं.

जीएसटीचं थोडं सांगतो, कारण प्रत्येक जण विचारतो. माझी विक्री महाराष्ट्रातच होते आणि वर्षाची उलाढाल ४० लाखांच्या जवळपासही जात नाही, त्यामुळे मालाच्या विक्रीसाठी नोंदणी सक्तीची नाही. पण मग सुट्या भागांवर भरलेला १८ टक्के कर परत मिळत नाही, तो माझ्या खरेदीतच मुरतो. गिऱ्हाइकाकडून वेगळा कर घेता येत नाही, म्हणून ज्याला कराचं बिल हवं असतं तो दुसरीकडे जातो. एकदा बऱ्हाणपूरहून एकाने ऑर्डर द्यायची तयारी दाखवली होती. रावेरच्या पुढे गेलं की बऱ्हाणपूर, आपल्या अंगणातलंच गाव वाटतं. पण मशीन मी तिकडे पाठवलं की ती परराज्यातली विक्री ठरते, आणि तिथे उलाढाल कितीही लहान असली तरी मालाला नोंदणी लागते. ती ऑर्डर सोडली.

मागणी काय होती

स्टुडिओच्या मालकांना सगळे आप्पा म्हणतात, मीही तेच म्हणतो. पन्नाशीचे. रोलच्या जमान्यापासून धंद्यात. मुलगा शूटिंग करतो, आप्पा आणि एक पोरगा एडिटिंगला बसतात. त्यांनी नवा कॅमेरा घेतला होता आणि त्याच्या फाइली जुन्या मशीनवर अडखळत होत्या. तुळशीचं लग्न लागलं की मुहूर्त सुरू होतात, त्याच्या आत मशीन हवं, एवढी एकच अट.

फाइली बघितल्यावर कारण कळलं. कॅमेरा १०-बिट ४:२:२ मध्ये, म्हणजे रंगाची जास्त माहिती ठेवणाऱ्या प्रकारात, शूट करत होता. त्या वेळी बाजारात असलेली एनव्हिडियाची कार्डं, म्हणजे आरटीएक्स ४० मालिकेपर्यंतची, असली फाइल स्वतः उलगडत नाहीत. सगळा भार प्रोसेसरवर पडतो. इंटेलच्या प्रोसेसरमधलं अंगचं ग्राफिक्स मात्र अकराव्या पिढीपासून एचईव्हीसी या व्हिडिओ दाबून साठवायच्या पद्धतीतल्या ४:२:२ फाइली उलगडतं. म्हणून मी आय५-१२४०० घेतला आणि मुद्दाम ‘एफ’ नसलेला घेतला. ‘एफ’वाला स्वस्त पडतो, पण त्यात ते ग्राफिक्सच नसतं. गेम खेळणाऱ्याला त्याने काही बिघडत नाही, एडिटिंगवाल्याचा मात्र मोठा तोटा होतो. कार्ड आरटीएक्स ३०६०, १२ जीबीचं. रंग आणि नॉइज काढताना मेमरी जास्त लागते म्हणून नव्या ८ जीबीच्या कार्डापेक्षा हे बरं. ही निवड मी आजही तशीच करेन.

बोर्ड, कॅबिनेट आणि हार्ड डिस्क जळगावातच गोलाणी मार्केटमधून घेतली. बाकी माल मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून, रात्रीच्या ट्रॅव्हल्सच्या पार्सलने आला. वहीतली नोंद अशी:

प्रोसेसर १३,९००
मदरबोर्ड ९,९००
रॅम ३२ जीबी ६,०००
ग्राफिक्स कार्ड २५,४००
एसएसडी १ टीबी ५,७००
हार्ड डिस्क ४ टीबी ९,३००
एसएमपीएस (वीजपुरवठ्याचा डबा) ६५० वॉट ५,०००
कॅबिनेट ४,६००

एकूण ७९,८००. पार्सल, पेस्ट, टाय आणि पोचवण्याचं पेट्रोल मिळून ६५०. विंडोजचं लायसन्स आप्पांनी स्वतः घेतलं. म्हणजे ८५,००० मध्ये माझ्या हाती ४,५५० रुपये राहिले. आप्पांनी ऐंशी टक्के आगाऊ दिले होते, तेही आनंदाने. सगळ्या भागांच्या बिलांच्या प्रती आणि सिरियल नंबरचे फोटो मी त्यांना दिले. वॉरंटीत जायची वेळ आली तर माझ्यावाचून अडू नये म्हणून हे मी सगळ्यांनाच देतो.

रात्रभर घरी चाचणी चालवली. खोलीत २६ अंश, प्रोसेसर सलग भारावर ८२. या प्रोसेसरची मर्यादा १०० अंशांची. अठरा अंश हाताशी आहेत, असं म्हणून मी निश्चिंत झालो.

पोचवलं तो दिवस

स्टुडिओ बाजारपेठेच्या मागच्या रस्त्याला, वर पत्र्याचं छप्पर, खाली थर्माकोलचं सिलिंग. थोड्या अंतरावर जिनिंग, म्हणजे कापसातून सरकी काढायचा कारखाना. शेजारच्या गाळ्यात वेल्डिंगचं दुकान. हे सगळं त्या दिवशी माझ्या डोळ्यांसमोर होतं.

मशीन लावून कॅबिनेटला हात लावला तर झिणझिण्या आल्या. मल्टिमीटर माझ्या पिशवीत असतोच. सॉकेटमध्ये अर्थिंगची पिन होती, तिला वायरच नव्हती. एसएमपीएसच्या आत फिल्टरचे छोटे कपॅसिटर फेज आणि न्यूट्रल या दोन्हींकडून बॉडीला जोडलेले असतात. अर्थिंग नसेल तर बॉडीवर साधारण निम्मा व्होल्टेज येऊन बसतो. विद्युतप्रवाह अगदी किरकोळ असतो, पण कॅमेऱ्याचं कार्ड किंवा केबल लावताना तोच एखादं पोर्ट जाळू शकतो. आप्पांना सांगितलं, त्यांनी दोन दिवसांत वायरमन बोलावून अर्थिंग करून घेतलं. त्या दिवशी माझं लक्ष सॉकेटपर्यंत गेलं. सॉकेट आणि मशीन यांच्यामध्ये जो यूपीएस होता त्याच्याकडे मी बघितलंसुद्धा नाही. विचारलं, “यूपीएस आहे ना आप्पा?” ते म्हणाले, “हो, सहाशेचा आहे.” मी म्हटलं, “छान.”

जानेवारीतला फोन

जानेवारीत आप्पांचा फोन आला: लाइट गेली की मशीन बंद पडतं. कधी टिकतं, कधी लगेच जातं. मी पाळीवर होतो. यूपीएस किती जुना, विचारलं. तीन वर्षं. “मग बॅटरी गेली असेल, बदलून टाका.” त्यांनी ११०० रुपयांची नवी बॅटरी बसवली. दोन आठवड्यांनी मी एका लग्नाला धरणगावात होतो, तेव्हा स्टुडिओत डोकावलो. मशीन चालू होतं, यूपीएसची पिन काढून पाहिली, मशीन टिकलं. मी खूश होऊन निघालो. त्या वेळी पडद्यावर फक्त फोटोंचं फोल्डर उघडं होतं, हे मला एप्रिलमध्ये आठवलं.

“कधी टिकतं, कधी जातं” या चार शब्दांत सगळं उत्तर होतं. कारखान्यात एखादी मोटर कधी चालते, कधी ट्रिप होते असं कुणी सांगितलं तर मी पहिला प्रश्न विचारतो, त्या वेळी भार किती होता? इथे माझ्या धंद्याचा मालक मीच होतो आणि हा प्रश्न मी विचारला नाही.

मार्च आणि एप्रिल

मार्च संपताना तक्रार बदलली. दुपारी एक्स्पोर्ट, म्हणजे एडिट केलेल्या फिल्मची फाइल बनवणं, रखडतं; सकाळी चाळीस मिनिटांत होणारी फिल्म दुपारी दीड तास घेते. आणि आता लाइट असतानाही मशीन बंद पडतं. त्या फोनवर आप्पांचा आवाज वेगळा होता. “भाऊ, मशीन पुन्हा बंद पडी गयं. लाइट ते शे. तुम्ही ईसन देखा.” लाइट तर आहे, तुम्ही येऊन बघा, असं ते अहिराणीत म्हणत होते. एरवी माझ्याशी ते पुस्तकी मराठीत बोलतात.

रविवारी गेलो. कॅबिनेटचं पुढचं झाकण काढलं आणि बघतच राहिलो. जाळीच्या फिल्टरवर पांढुरक्या रंगाचा सलग थर, गोधडीत भरायच्या कापसासारखा. नखाने एक कोपरा सोडवला तर अख्खी घडी निघून हातात आली. जिनिंगचा हंगाम दिवाळीनंतर सुरू होतो. सगळा हिवाळाभर रुईचे बारीक तंतू हवेतून येऊन जाळीवर बसत राहिले. मार्चमध्ये आप्पांनी कुलर लावला, त्याच्या ओल्या हवेने ते तंतू आणि आपली काळ्या मातीची धूळ घट्ट चिकटली. थंडीत हवा गार होती म्हणून कोंडलेलं मशीन तग धरून होतं.

खोलीत ४१ अंश. एक्स्पोर्ट लावलं, तापमान दाखवणारा प्रोग्राम उघडला: १००, आणि प्रोसेसर स्वतःचा वेग कमी करतोय. एक्स्पोर्ट का रखडत होतं ते कळलं. पण फिल्टर साफ करून पुन्हा चालवलं तरी ९७. इथे मला माझी नोव्हेंबरची चूक दिसली. त्याच भारावर, त्याच पंख्यांवर प्रोसेसर खोलीपेक्षा जितका तापतो तो फरक साधारण तेवढाच राहतो. घरी २६ वर ८२, म्हणजे फरक ५६. खोली ४१ ची झाली की ९७ होणारच होते. वजाबाकी आणि बेरीज, चौथीतल्या पोराचं गणित. खान्देशात राहून, मे महिना दरवर्षी अंगावर काढून मी ते केलं नव्हतं.

त्यात भर बोर्डाची. हा प्रोसेसर नावाला ६५ वॉटचा, पण टर्बोत, म्हणजे जादा वेगाने धावताना, ११७ पर्यंत जातो, आणि बोर्डाने मूळ सेटिंगमध्ये त्याला ११७ वर सलग राहायची मोकळीक दिली होती. सोबत येणारा छोटा पंखा त्याला पुरत नाही.

पुढच्या रविवारी प्रोसेसरवर उभा कुलर बसवला, पुढे दोन नवे पंखे लावले, बायोसमध्ये, म्हणजे बोर्डाच्या सेटिंगमध्ये, सलग मर्यादा ७५ वॉटवर आणली. एक्स्पोर्टला तीन मिनिटं जास्त लागली आणि प्रोसेसर ४१ अंशांच्या खोलीत ७९ वर थांबला. प्रकरण मिटलं असं मी आप्पांना सांगितलं. बुधवारी पुन्हा फोन, मशीन बंद पडलं.

टक

सुट्टी टाकून कामाच्या दिवशी गेलो, आणि तेच कारण सापडण्याचं कारण ठरलं. आधीच्या दोन्ही वेळा मी रविवारी गेलो होतो आणि रविवारी शेजारचं वेल्डिंगचं दुकान बंद असतं.

विंडोजच्या इव्हेंट व्ह्यूअरमध्ये ‘कर्नल-पॉवर ४१’ची नोंद रांगेने होती. अनेक जण ती बघून एसएमपीएस बदलतात. ती नोंद फक्त एवढंच सांगते की मशीन नीट शट डाउन न होता बंद पडलं; का पडलं ते सांगत नाही. वेळा मात्र उपयोगी पडल्या. सगळ्या सकाळी अकरा ते संध्याकाळी सहामधल्या, एकही रविवारची नाही, रात्रीची नाही.

एक्स्पोर्ट लावून नुसता बसून राहिलो. आप्पांनी चहा मागवला. शेजारी उन्हाळ्यासाठी कुलरचे लोखंडी सांगाडे बनत होते, वेल्डिंगचा निळा उजेड दाराच्या फटीतून येत होता. पंधरा-वीस मिनिटांनी टेबलाखालून ‘टक’ असा आवाज आला, दिवे क्षणभर मंदावले आणि दोन्ही पडदे काळे झाले. यूपीएस एकसारखा किंचाळत होता.

वॉटमीटर लावून मोजलं. फोटोंचं काम चालू असताना मशीन ११० वॉट खात होतं. एक्स्पोर्टला ३१० ते ३४०. दोन मॉनिटर मिळून ५२. ‘सहाशेचा’ यूपीएस म्हणजे ६०० व्हीए (व्होल्ट-अँपिअर), वॉट नव्हे. त्याच्या मागच्या पट्टीवर खरी ताकद लिहिलेली होती, ३६० वॉट. दुकानदार सहाशेचा म्हणतो, गिऱ्हाईक सहाशे वॉट समजतं, आणि मी, ज्याला व्हीए आणि वॉट यांतला फरक रोज कामात लागतो, मीही “छान” म्हणून सोडून दिलं होतं.

शेजारी वेल्डिंगचा रॉड टेकला की त्याच फेजचा व्होल्टेज खाली जायचा, यूपीएस एका क्षणापुरता बॅटरीवर जायचा, आणि त्या क्षणी एक्स्पोर्ट चालू असेल तर भार त्याच्या ताकदीबाहेरचा असायचा. तो हात वर करायचा. हलकं काम चालू असेल तर सहज निभवायचा. जानेवारीत लाइट गेल्यावरही हेच होत होतं, फक्त तेव्हा वेल्डिंगवाल्याचा कुलरचा हंगाम सुरू झालेला नव्हता.

म्हणजे एकाच मशीनचे दोन वेगळे आजार होते. रखडणं उष्णतेमुळे, बंद पडणं यूपीएसमुळे. दोन्ही उन्हाळ्यात एकदम वर आले म्हणून मी ते एकच समजलो, आणि पहिलं कारण सापडताच शोध थांबवला. मी सगळ्यात जास्त वेळ इथे घालवला आणि आप्पांची सगळ्यात जास्त कामं इथेच अडकली. आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, ३० एप्रिलला होती, त्या मुहूर्ताच्या बुकिंगांआधी त्यांना दोन फिल्म द्यायच्या होत्या. एक उशिरा गेली. नवरीकडच्या माणसांनी त्यांना दुकानात येऊन ऐकवलं. ते मला आप्पांनी सांगितलं नाही, एडिटिंगच्या पोराने सांगितलं.

पैशांचं बोलणं

११०० व्हीएचा, ६६० वॉटचा यूपीएस मी खरेदीच्या भावात आणून दिला. तो कुणी भरायचा यावर आम्ही समोरासमोर बोललो. माझं म्हणणं, यूपीएस माझ्या कोटेशनमध्ये नव्हता. आप्पा शांतपणे म्हणाले, “भाऊ, मी तुम्हाला मशीन मागितलं नव्हतं. लग्नाच्या फिल्मा वेळेवर द्यायच्या, ते मागितलं होतं. यूपीएस आहे का हे तुम्हीच विचारलं, मी खरं सांगितलं.”

मला उत्तर सुचलं नाही, कारण ते बरोबर होते. शेवटी यूपीएसचे पैसे त्यांनी दिले, कारण तो त्यांच्याकडेच राहणार आणि आधीही लागणारच होता. कुलर आणि पंखे माझे, कारण ती माझ्या चाचणीतली चूक. बॅटरीचे ११०० मी परत केले. ते घेत नव्हते. नको असलेली वस्तू त्यांनी माझ्या फोनवरच्या शब्दावर विकत घेतली होती, म्हणून आग्रहाने दिले.

वहीत बायकोने लिहिलं: कुलर १,८५०, पंखे १,५००, बॅटरी १,१००, पाच फेऱ्यांचं पेट्रोल ८००, बुडालेला दिवस ९००. एकूण ६,१५०. नफा ४,५५० होता, म्हणजे १,६०० चा तोटा. माझे तास मोजले तर एकतीस. तिने तासांची ओळ मुद्दाम वेगळ्या शाईने लिहिली आणि मला विचारलं, यातले किती तास मशीन जोडण्याचे? सहा. बाकीचे पंचवीस तास कोटेशनमध्ये कुठेच नव्हते.

आता काय करतो

कोटेशन देण्याआधी जागेवर जातो, निदान व्हिडिओ कॉलवर जागा बघतो. छप्पर पत्र्याचं की स्लॅबचं, अर्थिंग, यूपीएसच्या मागच्या पट्टीचा फोटो, शेजारी काय आहे: जिनिंग, गिरणी, वेल्डिंग, रस्त्याची धूळ. घरच्या चाचणीतला फरक काढून त्यात उन्हाळ्यातल्या खोलीचे ४३ अंश मिळवतो. उत्तर ८५ च्या वर गेलं तर कुलर किंवा वॉटची मर्यादा बदलतो, महिना कोणताही असो. यूपीएस वॉटमध्ये लिहितो, व्हीएमध्ये नाही.

कोटेशनमध्ये जोडणी आणि वर्षभराच्या तीन भेटी अशी ६,००० रुपयांची ओळ वेगळी दाखवतो. आधी हे पैसे भागांच्या भावात लपवायचो, मग गिऱ्हाईक मोबाइलवर तोच भाग स्वस्त दाखवायचं आणि माझ्याकडे बोलायला काही उरायचं नाही. ही ओळ पाहून काही जण परत जातात. एरंडोलच्या एकाने तर सरळ म्हटलं की जोडणं यूट्यूबवर बघून होतं. खरंच होतं, आणि ज्याला स्वतः करायची हौस आहे त्याला मी भागांची यादी फुकट देतो. २०२५ च्या अखेरीस रॅमचे भाव असे चढले की कोटेशन तीन दिवसांपुरतंच ठेवावं लागतंय. तेही वर ठळक लिहितो.

आप्पांकडे आखाजीच्या दिवशी गेलो होतो. पुरणपोळी आणि आमरस जेवायला बोलावलं होतं. एक्स्पोर्ट चालू होतं. त्यांनी फिल्टरवर बाहेरून लावायची चुंबकाची दुसरी जाळी मला दाखवली. मुलाने आणली होती. ती झटकली की आतली जाळी वाचते. दर रविवारी दुकान उघडलं की एडिटिंगचा पोरगा ती साफ करतो आणि मला फोटो पाठवतो. जिनिंग पुन्हा सुरू झाल्यापासून जाळीवरचा पांढरा थर आठवड्यातच दिसायला लागलाय. या रविवारचा फोटो अजून आलेला नाही. उद्या पाळी संपली की फोन करणार आहे.